कच्चं लिंबू आणि काळा पट्टा

माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांना



जूनचा दुसरा आठवडा होता. शाळा सुरू झाल्या की आमच्या ज्यूदोच्या वर्गाच्या दाराशी पालकांची गर्दी होते, तशी त्या संध्याकाळीही होती. एक आई आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन आली होती. मूल झोपलेलं होतं. वय तीन वर्षं आठ महिने. ती दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, याच वयात अंग लवचीक असतं ना? मग आत्ताच घालते.” मी म्हटलं, दोन-अडीच वर्षांनी आणा, तोवर अंगणात भरपूर खेळू द्या. तिला ते पटलं नाही. तिच्या घराजवळच्या एका वर्गात तीन वर्षांपासून प्रवेश देतात आणि तीन महिन्यांत पहिला पट्टाही मिळतो, असं तिनं मला सांगितलं आणि ती जिना उतरून गेली. तिच्या खांद्यावर ते मूल तसंच झोपलेलं होतं. त्या रात्री मी हे पत्र लिहायला घेतलं.

मी सांगलीत गेली सव्वीस वर्षं मुलांना ज्यूदो शिकवते. त्याआधी स्वतः खेळले, पडले, एकदा गळपट्टीचं हाड मोडून घेतलं. या खेळानं मला जे दिलं, ते मला दुसऱ्या कशानं दिलं नसतं. त्यामुळे ज्यूदो, कराटे, तायक्वांदो किंवा कुस्तीच्या विरोधात हे पत्र आहे असं कृपया समजू नका. मुलांनी हे खेळ शिकावेत असंच मला वाटतं. प्रश्न इतकाच आहे की कुठल्या मुलानं कधी सुरुवात करावी, आणि ते ठरवायचं कुणी. आज ते ठरवतो फलक लावणारा आणि फी भरणारा. मूल तयार आहे का, हे बघायची जबाबदारी दोघांपैकी कुणावरच नाही.

आपलं सरकार इतर ठिकाणी हे बघतं. पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. दहीहंडीच्या थरावर चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही, असं राज्य सरकारनं २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. त्याआधी कित्येक वर्षं वरच्या थरावरून पडणारी कोवळी पोरं आपण बघत होतो. मुलींना स्वसंरक्षण शिकवण्याची राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची केंद्राची योजना आहे, तीही सहावीपासून बारावीपर्यंतच्या मुलींसाठी आहे. म्हणजे वयाचा विचार करायचा असतो, हे सरकारला ठाऊक आहे. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मंगल कार्यालयाच्या गच्चीवर, शाळा सुटल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये जिथे मुलं एकमेकांना मारायला आणि पाडायला शिकतात, तिथे हा विचार पोचलेला नाही. मी वर्ग उघडला तेव्हा माझ्याकडे कुणी कसलाही कागद मागितला नव्हता. सव्वीस वर्षांत एकदाही कुणी बघायला आलं नाही.

“कितव्या वर्षापासून घालायचं?” हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मी आकडा सांगायचं टाळते, कारण साडेपाच वर्षांचं एखादं मूल तयार असतं आणि आठ वर्षांचं एखादं नसतं. नवं मूल आलं की पहिल्या दिवशी मी त्याला काहीच शिकवत नाही. आम्ही ‘शिवाजी म्हणतो’ खेळतो. शिवाजी म्हणतो हात वर, की हात वर. शिवाजी म्हणतो खाली बसा, की बसायचं. पण मी नुसतंच “उभे राहा” म्हटलं, तर हलायचं नाही. चार वर्षांचं मूल प्रत्येक वेळी उभं राहतं. ते हट्टी नसतं, बेशिस्तही नसतं. शब्द कानावर पडला की त्याचं अंग हललेलंच असतं. स्वतःला थांबवायचा ब्रेक त्याच्या मेंदूत अजून बसायचा असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या वर्षांत हा ब्रेक झपाट्यानं घडत जातो. कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा. त्याला रागावून तो लवकर बसत नाही.

आमच्या खेळात पंच “माते” म्हणाला की जिथे असाल तिथे थांबायचं. कराटेत “यामे” म्हणतात. एका मुलाचा हात दुसऱ्याच्या अंगाखाली अडकलेला असताना हा एक शब्द ऐकून थांबता आलं, तर हात वाचतो. ज्याला ‘शिवाजी म्हणतो’मध्ये थांबता येत नाही, त्याला तिथेही थांबता येणार नाही. एवढी साधी गोष्ट आहे.

मग मी लंगडी घालायला लावते. मॅटच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि पाय बदलून परत. ज्याला एका पायावर तोल धरता येत नाही, त्याला लाथ मारायला शिकवण्यात काय अर्थ आहे? कोलांटीउडी घेताना हनुवटी छातीला लावता येते का, तेही बघते. पडायला शिकण्याची ती पहिली पायरी. शू लागली तर मध्येच येऊन सांगता येतं का, हेही मी बघते. त्यावर पालक हसतात, पण माझ्या लेखी ते फार मोठं लक्षण आहे.

कारण शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची कसोटी तीच आहे. मोठ्या माणसाला “नको”, “दुखतंय”, “मला भीती वाटते” असं मुलाला मोठ्यानं सांगता येतं का? पालकांना वाटतं, जे मूल निमूटपणे सगळं ऐकतं ते तयार आहे. मला नेमकं उलटं वाटतं. निमूट मुलाची मला काळजी वाटते. ते मान दुखत असतानाही मान हलवून “हो” म्हणतं. अशा मुलाला मी आधी “नको” म्हणायला शिकवते. जोडीदारानं पकडलं की हातानं मॅटवर दोनदा थाप मारायची, की समोरच्यानं सोडायचंच. ज्यूदोत ही थाप म्हणजे शरण आल्याची खूण. माझ्या वर्गात लहान मुलांना ती पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि कुणी थाप मारली म्हणून हसलं तर हसणारा बाहेर बसतो.

हे शहाणपण मला पहिल्यापासून नव्हतं. अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सहा वर्षांचा एक मुलगा वर्गात यायचा. अंगानं दणकट आणि फार कमी बोलणारा. एका खासगी स्पर्धेत त्याला उतरवावं असा त्याच्या वडिलांचा आग्रह होता. मला तो तयार वाटत नव्हता. खेळताना पकडलं की तो डोळे गच्च मिटून घ्यायचा. तरी मी हो म्हटलं. चार पालक नाराज होतील याची मला भीती होती. स्पर्धेत तो मॅटवर गेला आणि समोरच्या मुलानं त्याची कॉलर धरताच खांबासारखा उभा राहिला. हलला नाही. मग त्याची पँट ओली झाली. सगळा हॉल बघत होता. पंचांनी लढत थांबवली, मी त्याला उचलून बाहेर आणलं. तो रडलासुद्धा नाही. त्यानंतर तो वर्गात आला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी त्याची आई बाजारात भेटली. तिनं सांगितलं, त्या दिवसानंतर तो कुठल्याच मैदानावर गेला नाही, शाळेतल्या कबड्डीलाही नाही. दोष त्याच्या वडिलांचा नव्हता. त्यांना कळत नव्हतं, मला कळत होतं.

आपल्याकडे अशा मुलांसाठी एक जागा होती, महोदय. तिचं नाव कच्चं लिंबू. लगोरीत, लपाछपीत, विषामृतात मोठ्या भावंडांच्या मागे लागून आलेलं चिमुरडं पोर खेळात घेतलं जायचं, पण ते बाद व्हायचं नाही, त्याच्यावर राज्य यायचं नाही. त्याला कुणी ढकलायचं नाही. ते धावायचं, ओरडायचं, आपण खेळतोय अशी त्याची पक्की खात्री असायची, आणि सहा महिन्यांत नाहीतर वर्षात कधीतरी एके दिवशी तेच म्हणायचं, “मी आता कच्चं लिंबू नाही.” त्या दिवशी ते खरं बाद व्हायचं आणि घरी येऊन रडायचं. मूल तयार झाल्याची ती खरी खूण होती. ती ना पालकांनी ठरवलेली असायची, ना त्यासाठी कुणी फी भरलेली असायची.

तालमींतही हीच रीत होती. मला नेहमी ऐकवतात की पैलवान खाशाबा जाधव पाचव्या वर्षी मातीत उतरले होते. सांगतात ते खरंच आहे. पण कसे उतरले, हे कुणी सांगत नाही. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. गोळेश्वरच्या घरातच कुस्ती होती, आणि लेकराला रोज बघणारा बापच वस्ताद होता. कुठलं पोर कधी थकतं, कधी घाबरतं, कधी खोटं बोलतं हे त्याला ठाऊक होतं. तालमीत गेलेलं नवं पोर आधी हौद्यातली माती उकरायचं, पाणी मारायचं, मोठ्यांच्या अंगाला तेल चोळायचं आणि कोपऱ्यात बसून बघायचं. त्या बघण्यात महिने जायचे. मग गावच्या जत्रेत लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागायच्या, त्याही जोड बघून. पंच दोघांना शेजारी उभं करायचे, उंची बघायचे, दंडाला हात लावून बघायचे, आणि जोड जुळत नसेल तर सरळ परत पाठवायचे. हरलेल्यालाही रेवड्या मिळायच्या. त्या काळात सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. तालमींतही मुलांना मार पडायचा आणि मुलींना तिथे जागाच नव्हती. पण घाई नव्हती.

आज जी मुलं पांढरा गणवेश घालून रांगेत उभी राहतात, ती ज्या देशातून आलेला खेळ शिकतात, तिथे या प्रश्नावर काय घडलं हे आपल्या खात्यानं जरूर बघावं. जपानमधल्या ओकिनावातले इतोसु अंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत आणलं. मोठ्यांचे काता, म्हणजे ठरावीक हालचालींच्या मालिका, शाळकरी मुलांना झेपणारे नव्हते, म्हणून त्यांनी पिनान नावाचे पाच सोपे काता बांधले. पुढे त्यांनाच हेयान असं नाव मिळालं, आणि आज आपल्याकडच्या अनेक वर्गांत मुलं पहिल्यांदा हेच शिकतात. १९०८ मध्ये इतोसुंनी शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना दहा मुद्द्यांचं पत्रही लिहिलं होतं. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान हे ज्यूदोचं केंद्र सुरू केलं. ते आयुष्यभर शिक्षक होते आणि शिक्षक घडवणाऱ्या टोकियोच्या संस्थेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. मुलांना आधी काय द्यायचं आणि नंतर काय, हा विचार या खेळांच्या मुळातच होता.

तरीही पुढे तिथे जे झालं ते फार दुःखद आहे. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत जपानच्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांमध्ये ज्यूदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली. त्यांत बरीच मुलं नवशिकी होती आणि मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा होता. २०१२ पासून तिथल्या माध्यमिक शाळांत मार्शल आर्ट्स सक्तीचे होणार होते, तेव्हा एका प्राध्यापकानं जमवलेली ही आकडेवारी देशासमोर आली आणि पालक हादरले. शिकवण्याच्या पद्धती बदलल्या. मग २०२२ मध्ये ऑल जपान ज्यूदो फेडरेशननं एक निर्णय घेतला, जो मी माझ्या वर्गाच्या भिंतीवर लिहून लावला आहे: पाचवी-सहावीच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा त्यांनी बंद केली. प्रशिक्षक कोवळ्या मुलांना वजन उतरवायला लावत होते आणि पालक पंचांवर ओरडत होते, म्हणून. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष यासुहिरो यामाशिता होते, १९८४ च्या ऑलिम्पिकचे सुवर्णपदक विजेते. आयुष्यात जवळजवळ कधी न हरलेल्या माणसाच्या संघटनेनं दहा-बारा वर्षांच्या मुलांचं जिंकणं थांबवलं.

डोक्याचा मुद्दा थोडा खोलात सांगते, कारण तो पालकांना माहीत नसतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं डोकं जवळजवळ मोठ्या माणसाच्या डोक्याएवढं झालेलं असतं, पण मान मात्र मुलाचीच असते. बारीक, आणि स्नायूंचा जोर नसलेली. मूल मागच्या बाजूला पडलं आणि हनुवटी छातीला लावायला शिकलेलं नसेल, तर डोकं चाबकाच्या टोकासारखं मागे जातं. जमिनीवर आपटलं नाही तरी आत मेंदूला हिसका बसतो आणि आवरणाखालच्या शिरा फाटू शकतात. डोक्यावर गादीचं टोप घातलं म्हणजे हा हिसका टळतो, हा मोठा गैरसमज आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, २०१६ मध्ये यावर सविस्तर अहवाल दिला. त्यांचंही म्हणणं असंच आहे: आधी स्पर्शाशिवायचे प्रकार शिकवा, आणि मूल शरीरानं व मनानं परिपक्व झाल्याचं दिसेपर्यंत प्रत्यक्ष लढती लावू नका. टोपामुळे मेंदूची इजा टळत नाही, हेही त्यांनी सांगितलं आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांत ढिलेपणा असतो. अशा मुलाला कोलांटीउडी शिकवण्याआधी डॉक्टरांची परवानगी हवीच. ही गोष्ट किती प्रशिक्षकांना माहीत आहे, हे आपण एकदा विचारून बघा.

हातापायांचंही तसंच. वाढत्या हाडांच्या टोकाशी कूर्चेची नाजूक चकती असते, तिथूनच हाड लांब होतं. सिमेंटच्या फरशीवर मुठींवर जोर काढायला लावणं, भिंतीवर बुक्के मारायला लावणं, कौलं फोडायला लावणं, हे सात वर्षांच्या हातानं करायचं काम नाही. मुलींत साधारण तेरा ते पंधरा आणि मुलांत पंधरा ते सतराच्या आसपास या चकत्या मिटतात. तोवर हाताला दगड बनवायची गरज नाही.

आणि हे सगळं कमी म्हणून आपल्याकडे प्रात्यक्षिकं होतात. गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुणाच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात. आठ-नऊ वर्षांची मुलं जमिनीवर आडवी झोपतात आणि त्यांच्या पोटावरून मोटारसायकल नेली जाते. बोटांवरून चाक जातं. डोक्यावर कौल फोडतात, पाठीवर ट्यूबलाइट फोडतात. काचेचा चुरा मुलांच्या डोळ्यांत जाईल याची कुणाला फिकीर नसते. व्यासपीठावरचे पाहुणे टाळ्या वाजवतात. महोदय, या पाहुण्यांमध्ये मी आमदार पाहिले आहेत, नगरसेवक पाहिले आहेत, मुख्याध्यापक पाहिले आहेत. मुलाच्या पोटावरून मोटारसायकल नेणं हा कुठल्याही युद्धकलेचा भाग नाही. ना कराटेचा, ना आपल्या मर्दानी खेळाचा. दांडपट्टा आपण २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून गौरवला. कोल्हापुरात दांडपट्टा, लाठीकाठी शिकवणाऱ्या जाणत्या वस्तादांना विचारा. लहान पोरांच्या हातात आधी काठी देतात आणि तीही एकट्यानं फिरवायला. पट्टा फार नंतर.

पट्ट्यावरून दुसरा पट्टा आठवला. वर्तमानपत्रांत ‘सात वर्षांच्या चिमुकल्याला ब्लॅक बेल्ट’ अशा बातम्या येतात, फोटो येतात. कोदोकानमध्ये पहिल्या दानसाठी, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीसाठी, किमान वय चौदा आहे. तायक्वांदोचं मुख्य केंद्र असलेलं कुक्कीवॉन पंधरा वर्षांखालच्या मुलांना दान देत नाही, पूम ही मुलांसाठीची वेगळी श्रेणी देतं, आणि त्याचा पट्टाही लाल-काळा असतो. मुलाचं कौतुक व्हावं, पण ते मूल आहे हेही दिसत राहावं, म्हणून ही सोय. आपल्याकडे दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि नापास कुणीच नाही. सात वर्षांच्या मुलाला आपण ‘सगळं शिकून झालं’ असं प्रमाणपत्र देतो आणि मग दहाव्या वर्षी तो खेळ सोडतो, कारण पुढे काही उरलेलंच नसतं. काही घरांना या प्रमाणपत्रांत पुढचे क्रीडा गुण आणि नोकरीतलं पाच टक्के आरक्षण दिसतं. शालेय स्पर्धा चौदा वर्षांखालच्या गटापासून सुरू होतात, तिथली रीतसर प्रमाणपत्रं वेगळी आणि हे बालवाडीतले कागद वेगळे, हे आपल्या खात्यानं पालकांना स्पष्ट सांगायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी पालकांना मी दोष देऊच शकत नाही, तिच्याविषयी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. त्यानंतरच्या महिन्याभरात माझ्याकडे चार-पाच वर्षांच्या मुलींना घेऊन इतक्या आया आल्या, की मला रात्री झोप लागेना. “मॅडम, हिला काहीतरी शिकवा. कुणी हात लावला तर तिनं काय करायचं, ते शिकवा.” त्यांच्या डोळ्यांत भीती होती आणि ती खरी होती. त्यांना मी तेव्हा जे सांगितलं तेच आपल्याला सांगते. चार वर्षांची मुलगी मोठ्या माणसाला कुठल्याही डावानं अडवू शकत नाही. तिला तसं शिकवलं की ओझं तिच्यावर जातं. काही वाईट घडलं तर ‘मला शिकवलं होतं तरी मी काही केलं नाही’ असं तिला वाटत राहील. तिचं रक्षण करणं मोठ्यांचं काम आहे. शाळेचं, पालकांचं, पोलिसांचं, आपल्या सरकारचं. मी त्या मुलींना फक्त तीन गोष्टी शिकवल्या: ओरडायचं, पळायचं, आणि घरी येऊन सगळं सांगायचं, कुणी “सांगू नको” म्हटलं असेल तर आधी तेच सांगायचं. आणि आयांना सांगितलं, तुम्ही वर्गाच्या वेळी इथे बसा. माझ्या वर्गाचं दार कधीच बंद नसतं. ज्या वर्गात पालकांना बसू देत नाहीत, तिथे मूल पाठवू नका. मग तो वर्ग कुणाचाही असो.

म्हणून आपल्याकडे काही मागायचं आहे. मोठ्या योजना नकोत, निधीही नको. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा क्रीडा अधिकारी आहेत. मुलांना युद्धकला शिकवणारा प्रत्येक वर्ग त्यांच्याकडे नोंदलेला असावा: शिकवणाऱ्याचं प्रशिक्षण काय, प्रथमोपचार येतो का, पोलीस पडताळणी झाली आहे का, मॅट आहे की फरशी. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कुठल्याही लढतीत डोक्यावर वार करायला बंदी असावी. दहीहंडीला चौदा ही रेघ आखता येते, तर इथेही येईल. सहा वर्षांखालच्या मुलांच्या लढती आणि पट्ट्यांच्या परीक्षा असूच नयेत, त्यांनी फक्त खेळावं. मोटारसायकलीची आणि कौलं फोडण्याची प्रात्यक्षिकं मुलांच्या बाबतीत तर ताबडतोब बंद व्हावीत, आणि तोवर आपण आणि आपल्या पक्षाच्या लोकांनी अशा कार्यक्रमांना पाहुणे म्हणून जाणं थांबवावं. त्याला कायदा लागत नाही.

आणखी एक मागणी आहे, ती कुठल्या नियमात बसेल ते मला ठाऊक नाही. प्रत्येक वर्गानं नव्या मुलाला पहिला महिना कच्चं लिंबू म्हणून घ्यावं. गणवेश नाही, फी नाही, पट्टा नाही. मॅटच्या कडेला बसायचं, वाटलं तर यायचं, नको वाटलं तर परत जायचं. माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी अशी दोन महिने कडेला बसली होती. बाकीच्यांचे चपला-बूट ओळीत लावायची, पडण्याचे आवाज मोजायची, पाणी आणून द्यायची. तिच्या आईला वाटायचं मुलगी वेळ फुकट घालवते. एका बुधवारी ती उठली, मॅटच्या कडेशी येऊन नमस्कार केला आणि मला म्हणाली, “आज मी पडून बघते.” तिची हनुवटी आधीच छातीशी होती. दोन महिने बघून-बघून ती शिकलेली होती. आज ती अकरावीत आहे आणि शनिवारी माझ्या लहान मुलांना पडायला शिकवते.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा कुणी झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन येईल. मी त्याला परत पाठवीन, पण दोन गल्ल्या पलीकडे त्याला कुणीतरी घेईल. त्याआधी आपल्या खात्याचं निदान एक परिपत्रक निघावं, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
एक ज्यूदो प्रशिक्षिका,
सांगली